सातबारा पाहा घरबसल्या, तोही फुकट!

शेतकरी बंधूंनो, भिवंडी तालुक्यात भाताच्या खाचरांवर गोदामे उभी राहिली आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. अशा वेळी आपल्या सातबाऱ्यावर काय नोंद आहे, हे न बघता राहणे परवडायचे नाही.

शासनाच्या 'महाभूलेख' संकेतस्थळावर सातबारा फुकट पाहता येतो. कोकण विभाग, ठाणे जिल्हा, भिवंडी तालुका, मग गाव निवडा. गट नंबर आणि मोबाईल नंबर टाका, झाले काम! नावे, क्षेत्र, बोजा, फेरफार नीट वाचा. वारसाचे नाव राहिले किंवा भलतीच नोंद दिसली, तर लगेच तलाठी कार्यालय गाठा. हा उतारा फक्त माहितीपुरता. सरकारी कामाला 15 रुपये भरून डिजिटल सहीचा घ्यावा.

2021 पासून 'ई-पीक पाहणी' अ‍ॅपवर पिकाची नोंद आपणच करायची आहे, विसरू नका. लावणीच्या दिवसांत 'दामिनी' अ‍ॅप विजेचा इशारा देते. पोराबाळांसाठी बालभारतीची पुस्तके आणि मराठी विश्वकोशही फुकट वाचायला मिळतात.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, महिन्यातून एक दिवस ग्रामपंचायतीत बसून म्हाताऱ्या खातेदारांना त्यांचा सातबारा मोबाईलवर दाखवा. कुणाची तरी जमीन वाचेल.