हमिंग कुठून येतंय?

सकाळी ७.१०
शटर अर्ध्यावर अडकतं. दुरुस्तीवाले तात्या खांद्यानं धक्का देतात, मग ते वर जातं. सांगवीत बारामती-फलटण रस्त्याला लागून दहा बाय बाराचा गाळा. भाडं अडीच हजार, लाइटबिल वेगळं. पाटीवर फक्त 'मोटार रिवायंडिंग' लिहिलंय. बेंजो, गिटार, अँप्लिफायर यांचं पाटीवर नाव नाही. ती गिऱ्हाइकं एकमेकांच्या सांगण्यावरून येतात.

चैत्र आहे. गावोगावच्या यात्रा लागल्यात आणि उसालाही पाणी लागतंय. म्हणून दाराशी नीराकाठच्या तीन पाणबुडी मोटारी आडव्या पडल्यात, आणि आत बाकाखाली एक जुना वाल्व्हचा अँप्लिफायर धूळ खात बसलाय. त्याचा नंबर दुपारी.

सकाळी ७.४५
पुतण्या येतो. रोज चारशे रुपये, जेवण घरचं. पहिली मोटार पाच एचपीची. व्होल्टेज पडलं, एक फेज गेला, मोटार गुरगुरत राहिली आणि जळाली. उन्हाळ्यात निम्म्या मोटारी अशाच येतात. पुतण्या छिन्नी-हातोडीनं जुनी वाइंडिंग तोडतो आणि खाचांतून पक्कडीनं ओढून काढतो. वितळलेल्या प्लास्टिकचा वास गाळाभर होतो. निघालेलं तांबं काट्यावर जातं. मोटारीचा मालक काट्याच्या अगदी जवळ उभा आहे. जुन्या तांब्याचे पैसे बिलातून वजा व्हायचेत, तेव्हा नजर काट्यावरच.

खाचांत नवा कागद घालायचा, वेढे मोजायचे, पॉली वायर भरायची. दिवसभराचं काम आहे. ते पुतण्याचं.

सकाळी ९.२०
मोटारसायकलवरून एक पोरगा उतरतो. पाठीला पोतं, पोत्यात बेंजो. इंदापूरकडच्या एका गावातली पार्टी आहे, उद्या यात्रेची सुपारी.

हा बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. लाकडी पट्टी, तिच्यावर पोलादी तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. मूळ वाद्य जपानी, ताइशोगोतो. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी ते १९१२ साली बनवलं. आपल्याकडं त्याच्या तारांखाली पिकअप बसलं आणि ते वरातीत, मिरवणुकीत, यात्रेत शिरलं. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की वेढ्यांत किंचित वीज तयार होते, आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. विजेच्या गिटारीचंही हेच गणित.

"पिकअप गेलंय तात्या. नुसतं घूंऽऽ करतंय. तिकडं एकानं बघितलं, नवीन टाक म्हणला. आठशे रुपये."

"टाकू की. आधी वायर दे."

"कसली?"

"बेंजोतनं अँपात जाती ती."

वायर आणलेली नाही. तात्या काहीच बोलत नाहीत, भिंतीवरच्या खिळ्याची स्वतःची वायर काढून लावतात. टेस्टिंगचा छोटा अँप चालू करतात. हमिंग आहेच. म्हणजे दोष पोराच्या वायरीत असला तरी एकट्या वायरीत नाही.

आता तात्या अख्खा पंजा तारांवर ठेवतात. घूं तशीच. मग जॅकच्या लोखंडी नटावर बोट टेकवतात. घूं झपकन खाली येते.

"पिकअप चांगलंय," तात्या म्हणतात.

पोराला पटत नाही. पण एवढ्यात अर्धं निदान झालेलं असतं. आपलं अंग घरातल्या विजेची घूं पकडतं. तारा अर्थला जोडलेल्या असल्या की हात ठेवताच ती अँपच्या पत्र्यात उतरते. इथं नटाला हात लावल्यावर उतरली, तारांना लावल्यावर उतरली नाही. म्हणजे तारा आणि नट यांच्यामधला जोड तुटलाय. मीटरनंही तेच सांगितलं. तारेपासून नटापर्यंत काटा हललाच नाही, आणि पिकअपवर लावल्यावर सव्वासहा किलोओहम दाखवले. धडधाकट.

खालच्या पत्र्याचे चार स्क्रू निघतात. शेपटाच्या पट्टीवरून व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवर येणारी दोन इंची तार घामानं हिरवी पडून सुटलीय. पॉटची पाठ कानशीनं घासून उजळ करावी लागते, नाहीतर डाख वर नुसता बसतो, धरत नाही. पंचवीस वॉटचं आयर्न इथं कमी पडतं, पत्रा उष्णता खाऊन टाकतो. तात्या साठचं घेतात. पेस्ट, टोक, धूर. डाख पाण्यासारखा पसरतो. तारांवर हात, घूं बंद.

"किती?"

"दीडशे."

"एवढ्या तारेचे दीडशे?"

"तार फुकट हाय. दीडशे शोधायचे."

पोरगा हसतो, पण पाकीट सावकाश काढतो. पिकअपचे आठशे त्यानं कुरकुर न करता दिले असते, हे मला त्याच्या तोंडावर दिसतं. हातात नवी वस्तू आली की पैसे दिल्यासारखे वाटतात.

तो निघतोय तेवढ्यात तात्या विचारतात, "तुमच्या अँपाची पिन तीन टोकांची का दोन?"

"तीनची. वरची जाड पिन तोडलीय. बोर्डात बसत नव्हती."

तात्या त्याला परत बाकड्यावर बसवतात. आत्ता जोडलेल्या तारेमुळं वाजवणाऱ्याचं बोट थेट अँपच्या पत्र्याला जोडलं गेलंय. अँपला अर्थ असेल तर उत्तम. पण अर्थची पिन तोडलेली, आत एखादी वायर सोललेली आणि समोर माईक, तर एका हातात बेंजो आणि ओठाला माईक लागताच शॉक बसतो. मंडपात जनरेटर असला तर अर्थिंगचा पत्ता नसतोच. साठ रुपयांचा थ्री पिन टॉप पोराच्या हातात जातो. जुना घरी गेल्या गेल्या पक्कडीनं तोडून टाकायचा. परत लावायची सोय नको.

सकाळी ११.००
चहा. मोटारमालकाचं सांगून झालंय की पैसे उसाचं बिल आल्यावर. तात्या मान हलवतात. वहीत नाव लिहिलं जातं.

सकाळी ११.२०
बारामतीत इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा गिटार घेऊन येतो. बाकाखालचा अँपही त्याचाच. भंगारात निघालेला, एका साऊंड सर्व्हिसवाल्याकडून अडीच हजाराला घेतलेला. गिटारीचं पुढचं पिकअप मुकं आहे. हंबकर आहे, म्हणजे शेजारी शेजारी दोन कॉइल, एकमेकीला उलट जोडलेल्या. बाहेरची घूं दोन्हींत सारखी येते आणि एकमेकीला मारते, तारांचा आवाज मात्र जोडला जातो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला. तात्यांना ते नाव ठाऊक नाही, कॉइल ठाऊक आहे.

एका कॉइलवर मीटर चार किलोओहम दाखवतो, दुसरीवर काहीच नाही. आत कुठंतरी तुटलीय. इथं मात्र पिकअप खरंच गेलंय.

दुपारी १२.००
तात्या हात साबणानं धुतात. मोटारीच्या कामाचे हात या तारेला चालत नाहीत. अमेरिकन मापात जिला ४२ नंबर म्हणतात ती आपल्या बाजारात ४६ नंबर मागावी लागते. जाडी मिलिमीटरचा सोळावा भाग, डोक्याच्या केसाएवढी. रीळ पुण्याहून, तपकीर गल्लीतून आणलेलं. दारात पुतण्या पोलादी खाचांत जाड वायर ठोकून बसवतोय आणि आत तात्या श्वास रोखून बसलेत.

यंत्र हाताचं आहे, पंख्याच्या कॉइली भरायचं. बाजूला आकड्यांचा काउंटर. जुनी तार उलगडताना वेढे मोजलेत, पाच हजारांच्या आसपास. उजव्या हातानं दांडा, डाव्या हाताच्या दोन बोटांत बनातीचा तुकडा, त्यातून तार. ढिली सोडली तर कॉइल फुगते, ताणली तर तुटते.

३,८४० वर तुटते.

तात्या यंत्राकडं बघतात, मुलाकडं बघत नाहीत. टोकांचं इनॅमल घासून, पीळ देऊन, डाख मारून, वर पातळ टेप लावून जोड देता येतो. ते सगळी तार काढून टाकतात आणि शून्यापासून सुरू करतात. जोड वर्षभरात उठतो, मग गिऱ्हाईक परत येतं, आणि परत आलेल्या कामाचे पैसे मागता येत नाहीत.

दुपारी १.०५ ला लाइट जाते. दांडा फिरतच राहतो.

दुपारी १.५०
कॉइल भरून झालीय. आता मेण. स्टीलच्या वाटीत मेणबत्तीचं मेण, ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात. थेट जाळावर ठेवलं तर प्लास्टिकचा साचा वाकतो. पिकअप मेणात बुडतं, बारीक बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत ठेवायचं. मेण आत शिरलं की वेढे हलत नाहीत. नाहीतर आवाज मोठा केल्यावर पिकअप स्वतःच किंचाळायला लागतं.

डबा: भाकरी, वांगं, ठेचा. वीस मिनिटं.

दुपारी २.३०
पिकअप बसवण्याआधी एक परीक्षा बाकी आहे. जुना काट्याचा मीटर लावून तात्या चुंबकाच्या टोकांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून झटक्यात उचलतात. काटा उजवीकडं. मागच्या पिकअपवर तसंच करतात. काटा डावीकडं. म्हणजे दोन्ही एकदम वाजवली तर एकमेकांचाच आवाज खातील. पोकळ, नाकातला सूर येईल. बाहेर येणाऱ्या दोन तारांची अदलाबदल, दोन डाख. काम संपलं. डिजिटल मीटरवर हे नीट दिसत नाही, आकडे नुसते थरथरतात.

दुपारी ३.१५
लाइट आलीय. अँप्लिफायर बाकावर चढतो. पत्रा गंजलेला, दोन मोठे ईएल ३४ वाल्व्ह आणि एक छोटा ईसीसी ८३. छोट्यावर पुसट अक्षरांत बीईएल. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये पूर्वी वाल्व्ह बनत. आता रशियाचे, स्लोव्हाकियाचे नाहीतर चीनचे घ्यावे लागतात.

"हात मागं," तात्या म्हणतात. प्लग काढलेला असला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट बसून राहतात. एक हात पाठीमागं, दुसऱ्यात लांब दांड्याला बांधलेला रेझिस्टर. तो टेकवून धरायचा, मीटर शून्यावर येईस्तोवर. मोटारीच्या शॉकपेक्षा तात्या याला जास्त भितात.

मग स्पीकर जोडतात. वाल्व्हचा अँप स्पीकरशिवाय वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तोच सगळ्यात महाग. मेनमध्ये शंभर वॉटचा बल्ब सिरीजला. बल्ब आधी भगभगतो, मग मंद होतो. आत शॉर्ट नाही. बल्ब काढून थेट लाइट देतात. वाल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतं. मग घूं.

ही घूं सकाळच्या घूंपेक्षा वरच्या पट्टीत आहे. तात्या कान लावतात. "शंभरची." घरातली वीज पन्नास सायकलची. वायर, अर्थ किंवा वाल्व्हचा फिलामेंट बिघडला तर पन्नासची घूं येते. रेक्टिफायरमधून गेल्यावर ती दुप्पट होते, आणि तिथले फिल्टर कंडेन्सर वाळले की शंभरची ऐकू येते. दोन कंडेन्सर बदलले जातात. घूं जाते.

पण आवाज अजून गढूळ आहे, आणि एका ईएल ३४ ची आतली काळी प्लेट लालसर दिसायला लागलीय. तात्या झटकन बंद करतात. दोष वाल्व्हला द्यायला मी तयार आहे, तात्या नाहीत. त्याच्या मागचा छोटा कपलिंग कंडेन्सर गळतोय, नको ते व्होल्टेज वाल्व्हच्या ग्रिडवर जातंय. वीस रुपयांचा माल. तो बदलला, प्लेट काळी राहिली, आवाज उघडला. नाहीतर हा मुलगा दोन-चार हजारांचे नवे वाल्व्ह आणून तेही जाळून बसला असता.

पेन्सिलीनं ईसीसी ८३ वर टिचकी. स्पीकरमध्ये 'टिंग'. थोडा वाजतोय, पण चालेल.

सायंकाळी ५.१०
मुलगा गिटार लावतो. व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेतो. आवाज फाटतो, पण कडा गोल राहतात. मुलाचा चेहरा खुलतो.

"आयुष्यभर लोकांचा फाटका आवाज नीट करून दिला," तात्या म्हणतात, "आणि ह्यो पैसं देऊन फाडून घेतोय."

पिकअपचे सातशे, अँपचे अकराशे. मुलगा मोबाईलवरून भरतो. अँपला तीन पिनांचा टॉप आधीच लागलाय, विचारलंही नाही.

सायंकाळी ६.४०
मोटार भरून पूर्ण होते. मेगरनं इन्सुलेशन तपासतात, मग टाँग टेस्टर एकेका फेजवर. तिन्ही सारखे. चौघांनी उचलून टेम्पोत.

रात्री ८.१०
वही. मोटारीचे ४,३०० नावे, उसाच्या बिलावर. रोख आणि मोबाईल मिळून २,०१०. त्यातून पुतण्याचे ४००, कंडेन्सर ३४०, टॉप ४०, बारीक तार आणि मेण १२०, चहा ५०. तात्यांना राहिले १,०६०. भाडं आणि लाइटबिल अजून यातूनच जायचंय.

बेंजो नाहीतर गिटार दुरुस्तीला नेणार असाल तर त्याची वायर आणि अँपही बरोबर न्या. आणि प्लगची वरची जाड पिन तोडू नका. बोर्डात बसत नसेल तर बोर्ड बदला.