अर्धी लादी पुढे

ठाण्यातला प्राण्यांचा दवाखाना. मे महिन्यातली संध्याकाळ. भिंतीवरचा पंखा मान फिरवतोय, पण वारा पहिल्या बाकाच्या पलीकडे पोचत नाही. एक लॅब्रॅडॉर लादीला पोट टेकून धापा टाकतोय. कोपऱ्यातला पॉमेरियन दारातून येणाऱ्या प्रत्येकावर भुंकतोय. नंबर पुकारला जातो, कुणीतरी उठतं, बाकीचे सरकून बसतात.

आजींच्या पायाशी निळी कॅरियर आहे. वर टॉवेल. आतून काही आवाज नाही.

"खाली नको आजी, मांडीवर घ्या," मदतनीस मुलगा सांगतो. "खाली ठेवली की कुत्र्याचं नाक थेट जाळीला लागतं."

नात कॅरियर उचलून घेते. आतली ठमी १३ वर्षांची आहे. गिरगावातल्या चाळीत जन्मली, त्याच गॅलरीत म्हातारी झाली. चाळ आता पाडायची आहे. आजी लेकीकडे ठाण्याला आल्या, त्यांच्याबरोबर ठमीही आली. पण लेकीकडे दोन मांजरं आधीपासून आहेत. चार वर्षांचा केशरी बोका मस्का आणि वर्षाची भाटी जिलबी. त्यांच्या हद्दीत पाऊल टाकण्याआधी ठमीची तपासणी हवी.

तासाभरानं नंबर लागतो. काटा ३.२ किलो दाखवतो. डॉक्टर दात बघतात, कान बघतात, पाठीचा कणा बोटांनी चाचपतात. मागचा पाय ताणला की ठमी तो झटकन ओढून घेते.

"सांधे धरलेत. उड्या कमी झाल्या असतील."

"वयानं आळशी झाली असं म्हणायचो आम्ही," आजी सांगतात.

डॉक्टर हसतात. मांजर दहाच्या पुढे गेलं की ज्येष्ठ धरायचं, आणि दुखणं लपवण्यात ते पटाईत असतं. अमेरिकेत बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले होते, ते निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले. ९० टक्के मांजरांच्या सांध्यांत झीज होती. मग मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी रक्त घेतलं जातं. एक थेंब किटवर पडतो. ल्युकेमियाचा विषाणू आणि प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू, दोन्ही या किटवर कळतात. दहा मिनिटं सगळे त्या पट्टीकडे बघत राहतात. रेघ एकच उमटते. दोन्ही नाहीत.

चौदाव्या मजल्यावर लिफ्ट उघडते. फ्लॅटच्या दारामागे मस्का उभा असणार, हे नातीला माहीत आहे. ती आधी आईला फोन करते. आतून दोन्ही मांजरं स्वयंपाकघरात बंद झाल्याचा निरोप येतो. मगच कुलपात किल्ली फिरते. कॅरियर हॉलमध्ये थांबत नाही, थेट मागच्या खोलीत जाते आणि दार लागतं.

ही खोली ठमीची. चाळीतून आणलेली गोधडी कोपऱ्यात पसरलीय. ती धुवायची नाही, अशी नातीची ताकीद आहे. गोधडीला जुन्या घराचा वास आहे. शेजारी पुठ्ठ्याचं खोकं, त्याला दोन भोकं. एका बाजूनं कुणी आलं तर दुसरीकडून निसटता आलं पाहिजे. लिटरसाठी प्लास्टिकचा टब, त्याची एक बाजू करवतीनं कापून खाली आणलेली. दुखरे पाय उंच काठ ओलांडत नाहीत. पलंगाशी आजींचे दोन पाट एकावर एक रचलेत, ठमीची पायरी म्हणून. पाण्याचं भांडं खाण्यापासून लांब, खिडकीखाली. खिडकीला जाळी.

कॅरियरचं दार उघडं ठेवून सगळे बाजूला होतात. ठमी बाहेर येत नाही. आजी पलंगावर बसून वाती वळायला घेतात. घड्याळ टिकटिकत राहतं. बऱ्याच वेळानं एक राखाडी पाठ जमिनीलगत सरपटत जाते आणि खोक्यात नाहीशी होते.

"असू दे," आजी म्हणतात. "मलाही इथला कुठला नळ गरम आणि कुठला गार, ते कळायला आठवडा लागेल."

रात्री मांदेली उकडली जाते. मीठ नाही, कांदा-लसूण तर नाहीच, तो मांजरांना विषारी असतो. बशी खोक्याजवळ सरकवली जाते. चोवीस तासांत तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा आहे. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते. पहाटे बशी चाटूनपुसून स्वच्छ असते.

पुढचे दिवस वासाचे. नात जुना मोजा हातात चढवून ठमीच्या गालांवरून फिरवते. मांजराच्या गालात गंधग्रंथी असतात. मोजा मस्काच्या जेवणाच्या वाटीजवळ ठेवला जातो. मस्का हुंगतो, मग वरचा ओठ उचलून तोंड अर्धवट उघडं ठेवतो. चेहरा किळस आल्यासारखा दिसतो. खरं म्हणजे तो वास टाळूतल्या खास इंद्रियापर्यंत ओढून घेतोय. मस्काच्या अंगावरून फिरवलेला दुसरा मोजा ठमीकडे जातो. ती फिस्कारते. मोजा तिथेच पडून राहतो. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याशेजारून पाण्याकडे जाते.

घरात आता लिटरचे चार टब आहेत. मांजरं तीन, वर एक जास्तीचा. चारही एका रांगेत मांडून चालत नाही, दारात बसलेला एकटा मस्का सगळेच अडवेल. म्हणून एक बाल्कनीत, एक बाथरूममध्ये, एक पॅसेजमध्ये, एक ठमीच्या खोलीत. लेक फिनेलची बाटली हातात घेऊन कपाळाला आठ्या घालते. नात बाटली काढून घेते. फिनेल मांजरांना घातक.

जेवण बंद दाराच्या दोन्ही बाजूंना. सुरुवातीला वाट्या दारापासून तीन लाद्या लांब. सगळे शांतपणे जेवले की अर्धी लादी पुढे. कुणी गुरगुरलं की एक लादी मागे. लेकीच्या मते हे फारच हळू चाललंय. आजी दारात बसून लाद्या मोजतात.

आता तिसरा आठवडा. लाकडी दार उघडं आहे, चौकटीत मच्छरदाणीच्या जाळीची फ्रेम बसवलीय. जिलबी पलीकडून पंजा मारते. तिला खेळायचंय. ठमीला नाही. ती आजींच्या पायाशी बसलीय. आजी तिच्याकडे बघत डोळे सावकाश मिटतात, उघडतात. ठमीही तसंच करते. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. माणसानं असे डोळे मिचकावले की मांजरंही मिचकावतात आणि जवळ यायला राजी होतात. आजी हे चाळीत वर्षानुवर्षं करत आल्या आहेत.

आज फ्रेम काढायची आहे. आधी पंधरा मिनिटं जिलबीला पिसाच्या काठीमागे पळवलं जातं. ती दमून आडवी होते. मग नात हातात पुठ्ठा घेते. नजरेला नजर भिडली तर मध्ये सरकवायला. झुंज लागली तरी हात घालायचा नाही, हे सगळ्यांना बजावून झालंय.

फ्रेम निघते. मस्का दोन पावलं आत येतो. थांबतो. शेपटी फुललेली नाही, कान उभे. ठमी खालच्या सुरात गुरगुरते. मस्का खाली बसतो आणि पंजा चाटायला लागतो. जिलबी त्याच्या मागून मान काढते. ठमी फिस्कारते. जिलबी मान आत घेते. कुणी कुणाला शिवत नाही.

शेजारच्या काकू उघड्या दारातून डोकावतात. "काय, झाली का दोस्ती?"

"दोस्ती नाही झाली तरी चालेल, काकू," नात मान न वळवता सांगते. "मोठी झालेली मांजरं बहुतेक वेळा एकमेकांना नुसतं चालवून घेतात. जेवली, झोपली, टबाकडे जाताना कुणी वाट अडवली नाही, की बास."

ती मोबाइलमध्ये वेळ बघते. पाच मिनिटं झालीत. सगळे शांत आहेत, म्हणून आत्ताच थांबायचं. लेक स्वयंपाकघरातून वाटी वाजवते. मस्का आणि जिलबी तिकडे पळतात. फ्रेम परत चौकटीत बसते.

"उद्या?" आजी विचारतात.

"उद्या सात मिनिटं. ठमी गुरगुरली, तर पुन्हा पाचच."