गंगाराम कांबळेंचा चहा आणि आपल्या तरुणांचं पहिलं गिऱ्हाईक

गडमुडशिंगीला लागून गांधीनगरची घाऊक कापड बाजारपेठ आहे. जवळच गोकुळ शिरगावची एमआयडीसी आणि उजळाईवाडीचा विमानतळ. एवढी गिऱ्हाइकं दाराशी असताना आपल्या वस्तीतला इलेक्ट्रिशियन, फोटोग्राफर किंवा डिझायनर कामाची वाट बघत का बसतो? "हातात कला आहे, पण विकायला जमत नाही," हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकतो. खोदून विचारलं की खरी भीती बाहेर येते : आडनाव सांगितल्यावर समोरचा गप्प झाला तर?

ही भीती खोटी नाही. तिच्यावरचा कोल्हापुरातला जुना इलाजही आपल्याला माहीत आहे, फक्त आपण तो धंद्याच्या नजरेने बघत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी काम करणाऱ्या गंगाराम कांबळेंना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली. महाराजांनी गुन्हेगारांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल सुरू झालं. चहा चांगला, जागा स्वच्छ, तरी अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून सर्वांसमोर तिथे चहा पिऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. पुढे सोडा तयार करण्याचं यंत्रही महाराजांनी दिलं.

ही गोष्ट आपण समतेची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण यात मार्केटिंगही आहे. भांडवल मिळालं, माल चांगला होता, तरी दुकान चाललं नाही. चाललं ते विश्वासाचा माणूस चारचौघांत गिऱ्हाईक झाला तेव्हा. आजच्या भाषेत याला रेफरन्स म्हणतात. महाराजांनी गुपचूप राजवाड्यात चहा मागवला असता तर उपयोग शून्य.

बाबासाहेबांना तर असा आधार प्रत्येक वेळी मिळाला नाही. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर त्यांनी शेअर बाजारातल्या गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाइकं येईनाशी झाली आणि तो बंद पडला. १९२३ मध्ये वकिली सुरू केली, तेव्हाही सॉलिसिटर कामं देत नव्हते. त्यांनी उपनगरांतल्या आणि जिल्ह्यांतल्या न्यायालयांची कामं घेतली, १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत कायदा शिकवला. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' खटला जेधे-जवळकरांच्या बाजूने लढून जिंकला, तेव्हा त्यांच्या वकिलीची जाहिरात त्या निकालानेच केली. एक दार बंद झालं म्हणून ते थांबले नाहीत, आणि एकाच दारावर अवलंबूनही राहिले नाहीत.

यातून आपल्या तरुणांनी काय घ्यायचं? आधी, केलेलं काम दिसलं पाहिजे. वायरिंग केलं, फोटो काढला, हिशेब लावून दिला, तर गिऱ्हाइकाच्या परवानगीने त्याची नोंद ठेवा, आणि काम संपताच दोन ओळींचा अभिप्राय मागा. महिन्याभराने मागितला तर मिळत नाही. गूगल नकाशावर व्यवसायाची नोंद फुकट होते. उद्यम नोंदणीही सरकारी पोर्टलवर फुकट आहे. एजंटला पैसे देऊ नका. या नोंदणीचा मोठा फायदा वसुलीत होतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. थकले तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणातही अनुसूचित जातीजमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के वाटा ठरलेला आहे.

मंदीच्या महिन्याचं काय? भगवान बुद्धांनी सिगालाला दिलेल्या उपदेशात कमाईचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन धंद्यात, चौथा अडचणीसाठी राखून. फ्रीलान्सरला यापेक्षा चांगला हिशेब कोणी शिकवणार नाही. आमच्या पाहण्यातले बरेच जण हातात पैसा आला की आधी मोबाईल बदलतात, आणि पावसाळ्यात कामं थांबली की उसनवारी करतात.

आता कार्यकर्त्यांना थोडं कडू सांगतो. १४ एप्रिल जवळ आला की डिझायनर पोराला फोन जातो : "समाजाचं काम आहे, बॅनर करून दे." पैशाचं नाव नाही. पण मंडप, साउंड आणि छपाईवाल्याला मात्र आगाऊ रक्कम मिळते. आपल्याच पोराची मेहनत आपण फुकट धरली, तर बाहेरच्याने तिची किंमत का करावी? दान द्यायचं की नाही हे त्याने ठरवावं, आपण गृहीत धरू नये. आणि पोरांनीही 'आपली माणसं' म्हणून काम अर्धवट किंवा उशिरा देऊ नये, हेही तितकंच खरं.

पुढच्या जयंतीला मंडळाने एवढं करावं. गावातल्या तरुणाकडून लेखी दरपत्रक मागवावं, अर्धे पैसे आधी द्यावेत, उरलेले ठरल्या तारखेला. आणि मंडळाच्या लेटरहेडवर कामाचं पत्र द्यावं. ते पत्र घेऊन तो गांधीनगरच्या कापड दुकानदाराच्या गल्ल्यासमोर उभा राहू शकतो.