यकृताचा नकाशा

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचे आंत्रपुच्छ काढले, तेव्हा ऐन मोक्याला वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. शस्त्रवैद्याचा हात प्रत्यक्ष उदरात असल्यामुळे, डोळ्यांस जे दिसेना ते बोटांस कळण्याची सोय तेव्हा होती; दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हा हातच बाहेर राहतो, आणि यकृतासारख्या अवयवाच्या बाबतीत, जेथे खोलवरची गाठ एरवी चाचपून शोधावयाची, तेथे ही उणीव भरून काढण्याची कामगिरी प्रतिमायंत्रांवर येऊन पडते.

यकृताचे वजन सुमारे दीड किलो. मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त त्यातून वाहते, आणि बाहेरून एकसंध दिसणारा हा अवयव आतून, एखादा सुभा महालांत वाटलेला असावा तसा, आठ भागांत विभागलेला आहे, हे फ्रेंच शल्यविशारद क्लोद क्वीनो यांनी १९५७ साली मांडले. प्रत्येक महालाची रक्तवाहिनी निराळी, पित्तनलिका निराळी. सबब गाठीचा महाल तेवढा काढून बाकीचे राखता येतात. अडचण एवढीच, की या शिवा पृष्ठभागावर कोठेही आखलेल्या नसतात.

त्या आखण्याचे पहिले काम सीटी स्कॅनचे. निरोगी यकृतास पाऊण हिस्सा रक्त आतड्यांकडून येणाऱ्या नीलेतून मिळते, तर यकृतपेशींच्या कर्करोगाची गाठ मुख्यतः रोहिणीवर पोसते. म्हणून शिरेत औषध सोडल्यापासून सुमारे अर्ध्या मिनिटाने घेतलेल्या चित्रात ती बहुधा उजळते आणि पुढच्या चित्रांत विझत जाते. ही वेळ साधली नाही, तर लाखमोलाचे यंत्रही गाठ नीट दाखवीत नाही. याच चित्रांवरून संगणक त्रिमिती यकृत उभे करतो आणि मागे किती उरेल याचा हिशेब मांडतो: निरोगी यकृत किमान २० टक्के, केमोथेरपी झाली असल्यास ३० आणि सिरॉसिस असल्यास ४० टक्के शिल्लक राहावे, असा सर्वसाधारण दंडक आहे.

परंतु दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पोटात वायू भरला, यकृत उचलून वळवले, श्वासागणिक ते हलू लागले, की कालचा नकाशा जुना होतो. तो पडद्यावरील जिवंत दृश्यावर आच्छादून दाखविण्याचे प्रयोग नेत्रदीपक खरे, पण माझा भरवसा दोन साध्या साधनांवर अधिक आहे. एक, छिद्रातून आत जाणारी सोनोग्राफीची सळई. शस्त्रक्रिया चालू असताना सोनोग्राफी करण्याची वहिवाट यकृताच्या बाबतीत जपानच्या माकुउची यांनी पाडली. तिच्यात गाठ आणि नीला त्या क्षणी जेथे आहेत तेथेच दिसतात.

दुसरे, इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा रंग. अमेरिकेत १९५९ साली मान्यता पावलेला हा रंग यकृताची शक्ती मोजण्यासाठी देत असत. तो पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीत अडकून राहिलेला व अवरक्त कॅमेऱ्याखाली चमकणारा आढळला, तेव्हा त्याला नवे काम मिळाले. काढावयाच्या महालाची रक्तवाहिनी बंद करून तो शिरेतून दिला, की बाकीचे यकृत चमकते, तेवढा महाल काळा राहतो आणि अदृश्य शीव पडद्यावर उमटते. मात्र सेंटिमीटरभराहून खोल असलेली गाठ त्याने दिसत नाही. तेथे पुन्हा सोनोग्राफीचाच आधार.

या साऱ्याची सुरुवात मात्र स्कॅनच्या मूळ चित्रांपासून होते, आणि आपल्याकडे अडते ते तेथेच. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ चे, सावंगी (मेघे) येथील १९९० चे. तरीही पुढील सल्ल्यासाठी नागपूर किंवा मुंबई गाठावयाची झाली, तर यकृताचा रुग्ण बहुधा फिल्मचे मोठे पाकीट बगलेत मारून निघतो. फिल्मवरून घनफळाचा धड हिशेब होत नाही की त्रिमिती नकाशा बनत नाही. त्यासाठी मूळ चित्रांची सीडी लागते, आणि ती नसली की स्कॅन पुन्हा, औषध पुन्हा, खर्च पुन्हा. जिल्ह्यातील वाचकांनी घरच्या रुग्णाचा स्कॅन होताच अहवालाबरोबर ती सीडी आवर्जून मागून घ्यावी.