सामायिक जगाची घडण (लेखांक ४) : सल्ला देण्यास बंदी

मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत, म्हणजे प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राच्या वतीने बोलतो व निर्णय घेतो अशा खेळांत, त्या पात्रांचे जग रचण्याचा अधिकार मुख्यतः एकाच व्यक्तीकडे राहत आला आहे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून ही वहिवाट पडली, नकाशा, राजघराणी, देवदेवता हे सारे सूत्रधाराने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, आधीच योजून ठेवायचे आणि इतरांनी त्यात वावरायचे. तेच जग सर्वांनी मिळून घडवायचे ठरले की पहिला मार्ग सुचतो तो चर्चेचा. परंतु चर्चेत ज्याचा आवाज मोठा त्याचीच राज्ये उभी राहतात, उरलेल्यांच्या वाट्याला मान डोलावणे येते, आणि सर्वसंमतीने रचलेल्या जगाला समितीच्या इतिवृत्ताची कळा येते.

बेन रॉबिन्स यांच्या ‘मायक्रोस्कोप’ (२०११) या खेळाने यावर काढलेला उपाय प्रथमदर्शनी उफराटा वाटतो. यात सूत्रधारही नसतो आणि पूर्वतयारीही नसते. दोन ते चार खेळाडू आपल्या जगाच्या इतिहासाचे सार एका वाक्यात ठरवतात, त्याचा आरंभ आणि शेवट निश्चित करतात, आणि या जगात काय असू शकेल व काय मुळीच नसेल याची दोन रकान्यांची यादी करतात. येथवर बोलणे मोकळे असते. त्यानंतर मात्र ज्याची पाळी त्याचाच शब्द अंतिम. इतरांनी सुचवायचे नाही, आडून ढकलायचेही नाही. पाळी आलेला खेळाडू एखादा कालखंड, त्यातील घटना किंवा घटनेतील प्रसंग कार्डावर लिहितो, तो सुखद असल्यास पोकळ आणि दुःखद असल्यास भरीव वर्तुळ काढतो, आणि ते कार्ड इतिहासाच्या ओळीत हवे तेथे ठेवतो. मुख्य बंधन हे, की आधी सांगितलेले खोटे ठरवता येत नाही. एखाद्याने भरीव वर्तुळ काढून बंदराचे शहर बुडवले, तर ते शहर प्रिय असलेल्या खेळाडूला ते वाचवता येत नाही. पण कालक्रमाची सक्ती नसल्यामुळे तो आपल्या पाळीला दोनशे वर्षे मागे जाऊन त्याच बंदराचा धक्का बांधणारा गवंडी निर्माण करू शकतो, आणि बुडालेले शहर पूर्वीपेक्षा अधिक भरीव होते.

ॲव्हरी आल्डर यांचा ‘द क्वाएट इयर’ (२०१३) हा नकाशा काढण्याचा खेळ चर्चेला जागा देतो, पण मोजून. दीर्घ संघर्षानंतर एका वस्तीला शांततेचे एक वर्ष लाभते. ५२ पत्त्यांच्या कॅटातून आठवड्याला एक पान उलटले जाते, आणि बदाम म्हणजे वसंत, चौकट म्हणजे उन्हाळा, किलवर म्हणजे शरद, इस्पिक म्हणजे हिवाळा. काम हाती घेतले की नकाशावर फासा ठेवायचा आणि दर आठवड्याला त्यावरील आकडा एकाने उतरवायचा. चर्चा हवी असल्यास ती त्या आठवड्याचे काम सोडून करावी लागते. प्रत्येकाने एकदाच, एकदोन वाक्यांत बोलायचे, आणि शेवटी ठराव कोणताच होत नाही. आपल्याला डावलले गेले असे ज्याला वाटेल त्याने अढीची सोंगटी उचलून सर्वांच्या देखत आपल्यापुढे ठेवायची. मनातल्या अढीला मेजावर दृश्य रूप देणारा हा नियम खेळातील सर्वांत सूक्ष्म नियम म्हणावा लागेल.

प्रत्येक ऋतूची पाने स्वतंत्र पिसलेली असतात आणि इस्पिकचा राजा निघताच ‘फ्रॉस्ट शेफर्ड्स’ येऊन खेळ संपतो. ते कोण, हे नियम सांगत नाहीत. हा राजा हिवाळ्याच्या पहिल्याच आठवड्यातही निघू शकतो, आणि तसे झाले तर अपुऱ्या कामांचे फासे नकाशावर जेथल्या तेथे राहतात.