दरीतील सहल परतीपासून मोजावी

सुगी आटोपत आली, मळणीचे काम हातावेगळे झाले आणि नाताळ जवळ आला की मुंबई, पुणे आणि आखाती देशांत राहणारे आपले नातेवाईक गावी येतात. चार दिवस गेले की त्यांची मुले विचारू लागतात, "काका, रान कधी दाखवणार? नदी कुठे आहे?" मग घरातला जाणता माणूस पुढे होतो, आजीपासून चार वर्षांच्या नातवापर्यंत सगळे त्याच्या मागून निघतात आणि खालच्या दरीत उतरतात. यात गैर काहीच नाही. आपल्या मुलांना ऐन आणि किंजळ यांतला फरक कळत नाही, विहिरीचे पाणी कोणत्या डोंगरातून झिरपत येते हे ठाऊक नसते. हे शिकायला रानातल्या एका सकाळीसारखी दुसरी शाळा नाही.

अडचण एवढीच की वाट दाखवणारा शेतकरी ती वाट स्वतःच्या पायांनी मोजतो. "हे काय, अर्ध्या तासावर आहे!" असे तो म्हणतो, आणि त्याच्यापुरते ते खरेही असते. पण बरोबरच्या मुलांचे पाय तसे नसतात. म्हणून या वेळी आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. दरीतली सहल जाण्यापासून मोजू नये, परतण्यापासून मोजावी.

उतरण आधी, चढण शेवटी

गडावर जाताना माणूस सकाळच्या उमेदीत चढतो आणि दमल्यावर उतरतो. दरीचे गणित याच्या उलट असते. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेची जांबोटी, कणकुंबी, चोर्ला ही गावे सह्याद्रीच्या माथ्यावर आहेत. देगावच्या परिसरात उगम पावणारी म्हादई भीमगडच्या रानातून खोल दरी कापत गोव्याच्या सत्तरी तालुक्यात उतरते आणि पुढे मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळते. माथ्यावरून तिच्याकडे जाणारी वाट पहिल्या पावलापासून उताराची. मुले धावत सुटतात, मोठ्यांनाही दम लागत नाही आणि आपण किती खाली आलो याचे भान कोणालाच राहत नाही. चढण येते ती दुपारी, ऊन तापल्यावर, डबे खाऊन अंग जड झाल्यावर आणि पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्यावर.

यासाठी एक जुना हिशेब उपयोगी पडतो. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटलंडच्या गिर्यारोहकाने १८९२ साली तो मांडला. सपाटीवर तासाला ५ किलोमीटर धरावे आणि चढणीच्या दर ६०० मीटर उंचीसाठी आणखी एक तास मिळवावा, असा तो नियम. म्हणजे १०० मीटर चढायला १० मिनिटे जास्त. पण हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. लहान मुले बरोबर असतील तर तासाला २ किलोमीटर आणि दर १०० मीटर चढणीला २० मिनिटे धरावीत, असे आम्ही सुचवतो.

आता उदाहरण घेऊ. नदी ३ किलोमीटरवर आणि २०० मीटर खाली आहे. उतरायला दीड तास लागेल. वर यायला दीड तास अधिक ४० मिनिटे, म्हणजे दोन तास १० मिनिटे. नदीकाठी एक तास विसावा धरला तर एकूण चार तास ४० मिनिटे झाली. सकाळी आठला निघालेली मंडळी पाऊण वाजेपर्यंत घरी येतील. तीच मंडळी जेवण उरकून अकराला निघाली तर परत यायला पावणेचार होतील, आणि चढण नेमकी भर उन्हात येईल. वाटेत एखादे मूल रडून बसले तर डिसेंबरच्या आखूड दिवसात संध्याकाळ गाठेल. झाडीखाली उजेड आकाशापेक्षा लवकर सरतो.

कागदावर हिशेब करायचा नसेल तर एक सोपी खूण लक्षात ठेवावी. वेळेचे तीन भाग करावेत, एक भाग जाण्यासाठी आणि दोन भाग येण्यासाठी. पहिला भाग संपला की नदी समोर दिसत असली तरी मागे फिरावे. नदी कोठे जात नाही.

महिना कोणता निवडावा

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, मुलांना घेऊन ओढ्यात किंवा धबधब्याखाली जाऊच नये. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली दिसत नाही, पाणी मात्र काही मिनिटांत चढते. जुलै २०२३ मध्ये गोव्यातील नेत्रावळी परिसरातल्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले आणि त्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली. त्यातले शहाणपण प्रत्येक पावसाळ्यात पाळण्याजोगे आहे. पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या आणि पाने वाहून येऊ लागली किंवा वरून घोंगावण्याचा आवाज आला तर सामान सोडून आधी काठ चढावा.

सर्वांत चांगले दिवस म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतचे. झरे वाहते असतात, रान हिरवे असते, ऊन सोसवते. कापणीच्या घाईत दिवस काढणे अवघड असते हे आम्ही जाणतो, पण भात कापणीला येण्याआधी जी थोडी उसंत मिळते तिचा उपयोग करता येतो. या दिवसांत परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो. म्हणून दुपारच्या आत वर पोहोचावे, हा नियम येथेही लागू पडतो.

माकडतापाची वेळ

डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत, आणि विशेषतः जानेवारी ते एप्रिल, आपल्या भागात आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. ती म्हणजे माकडताप. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात हा रोग प्रथम ओळखला गेला. २०१५ पासून तो सत्तरी तालुक्यात दिसू लागला, आणि २०१६ मध्ये गोव्यातील काजूच्या बागांत कामाला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांनाही झाला. म्हणजे ही दूरची गोष्ट राहिलेली नाही.

हा रोग गोचिडीच्या चाव्यातून होतो. माणसापासून माणसाला होत नाही. त्रास देणारी गोचीड बहुधा पूर्ण वाढलेली नसते, तिळाएवढी बारीक असते. कोरड्या दिवसांत ती पालापाचोळ्यात आणि खुरट्या झुडपांवर असते आणि जाणाऱ्या माणसाच्या पायाला चिकटते. मोठ्या गोचिडी आपल्या गाईम्हशींच्या अंगावर पोसतात. गुरांना हा रोग होत नाही, पण रानात चरणाऱ्या गुरांमुळे गोचिडींची संख्या वाढते. म्हणून गुरांच्या गोचिडी वेळच्या वेळी पशुवैद्याच्या सल्ल्याने काढणे हे घरच्या माणसांच्याही हिताचे आहे. रानात वानर किंवा माकड मेलेले दिसले तर त्याच्या जवळ जाऊ नये. मेलेल्या जनावराच्या अंगावरच्या गोचिडी तेथेच खाली पडलेल्या असतात. मुलांना लांबूनच मागे घ्यावे आणि आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे.

नाताळच्या सुट्टीतच जायचे असेल तर रुंद, मोकळी, पाचोळा नसलेली वाट निवडावी. पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे कपडे घालावेत म्हणजे गोचीड चटकन दिसते. विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत. पाचोळ्यावर बसू नये, चटई न्यावी. लागण असलेल्या गावांत आरोग्य खाते गोचीड दूर ठेवणारे डेपा नावाचे तेल वाटते. ते मिळाल्यास लावावे.

वाटेवरची शिस्त

एक मोठा माणूस पुढे आणि एक सर्वांत मागे असावा. पुढच्याच्या लगेच मागे सर्वांत हळू चालणारे मूल ठेवावे, म्हणजे साऱ्यांची चाल आपोआप त्याच्या चालीवर येते. प्रत्येक मुलामागे निदान एक लिटर आणि मोठ्यांमागे दोन लिटर पाणी न्यावे. त्यातले अर्धे चढणीसाठी राखून ठेवावे. झऱ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी न उकळता पिऊ नये. वर गुरे आणि रानजनावरे त्याच पाण्यात उतरतात.

पहाटे आणि तिन्हीसांजेला गवे आणि अस्वले हिंडतात, तेव्हा रानात असू नये. इतर वेळी बोलत चालावे. चाहूल लागली की जनावर बहुधा स्वतःच बाजूला होते. आग्या मोहोळ दिसले तर धूर करू नये, दगड मारू नये, गुपचूप वाट बदलावी. जळू लागली तर घाबरण्याचे कारण नाही. नखाने तिचे तोंड कातडीपासून सोडवावे आणि जखम धुऊन दाबून धरावी. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून ते थोडा वेळ वाहत राहते. साप चावला तर मात्र आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून न्यावे आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. खोल दरीत फोन लागेलच असे नाही. म्हणून आपण कोठे जात आहोत आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून निघावे.

कोठे जावे

भीमगड आणि म्हादई ही दोन्ही अभयारण्ये आहेत. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून शिरू नये. दूधसागरला रेल्वेच्या रुळांवरून चालत जाण्यास बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पहिल्यांदाच लहान मुलांना न्यायचे असेल तर गोव्यातले बोंडला बरे. ते अवघ्या ८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे आणि तेथे प्राणिसंग्रहालयही आहे. कणकुंबीला मलप्रभेचा उगम पाहता येतो. तेथे मुलांना एक गोष्ट जरूर दाखवावी. मलप्रभेचे पाणी पूर्वेकडे जाऊन कुडलसंगम येथे कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. त्याच तालुक्यातल्या म्हादईचे पाणी अरबी समुद्रात जाते. डोंगराच्या एका धारेवर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो, हे पाहायला खोल दरीत उतरण्याची गरज नाही.

परतल्यावर

सहल घरी आल्यावर संपली असे समजू नये. त्याच दिवशी सर्वांनी गरम पाण्याने साबण लावून अंघोळ करावी आणि कपडे गरम पाण्यात भिजवावेत. मुलांच्या काखा, जांघा, कानांमागची जागा आणि केसांची मुळे बोटांनी तपासावीत. गोचीड चिकटलेली आढळली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल लावू नये, उदबत्तीचा चटका देऊ नये, बोटांनी चिरडू नये. नंतर जागा साबणाने धुवावी.

पुढचे दहा दिवस लक्ष ठेवावे. चाव्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर अंगावर काढू नये. त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात जावे आणि "आम्ही रानात गेलो होतो" हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. नाहीतर साधा ताप समजून दिवस वाया जातात. या रोगावर नेमके औषध नाही. जुनी लसही कर्नाटकात २०२२ साली बंद झाली. पण वेळेवर उपचार आणि देखभाल मिळाली तर बहुतेक रोगी बरे होतात. दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ३ ते ५ आहे. ताप उतरून आठदहा दिवसांनी पुन्हा चढला, तोल जाऊ लागला किंवा भ्रम झाला तर पुन्हा दवाखाना गाठावा.

नातेवाईक मुंबईला किंवा परदेशी परतले असतील तर त्यांनाही ही खूण सांगून ठेवावी. तिकडच्या डॉक्टरांना आपल्या रानाची माहिती असेलच असे नाही. ती त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हे वाट दाखवणाऱ्याचे शेवटचे काम आहे.