नव्या इलेक्ट्रिक गिटारची जुळवणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जवारी नीट लागल्यावाचून मिरजेचा तंबोरादेखील बैठकीत घ्यायचा नाही, हा दस्तूर आपल्याकडे सर्वमान्य असताना, दुकानातून आणलेली इलेक्ट्रिक गिटार मात्र खोक्यातून काढताच वादनास सर्वथा सिद्ध असते, ही समजूत तरुण वादकांत दृढ झालेली आहे. वस्तुतः कारखान्यातील जुळवणी ही कोणत्याही एका हातासाठी केलेली नसते. आणि पुढे हवामान बदलले की तीही कायम राहत नाही.

भरीव लाकडाच्या या वाद्याला पावसाळा बाधत नाही, असेही पुष्कळदा ऐकू येते. जाड रोगणाखाली झाकलेल्या धडापुरते ते बव्हंशी खरे आहे. परंतु मान सडपातळ, तिच्यावर तारांचा सुमारे ४० किलोंचा ताण अहोरात्र, आणि ती पुष्कळदा मेपलची, तर तिच्यावरची पट्टी सह्याद्रीतही वाढणाऱ्या शिसवीची असल्यामुळे, ही दोन लाकडे दमट हवेत सारख्या प्रमाणात फुगत नाहीत व मानेचा बाक बदलतो. ठाण्याच्या खाडीलगतच्या ट्रॉम्बेत, जिथे आषाढातल्या आणि माघातल्या हवेत एवढे अंतर पडते, तिथे वर्षातून दोनदा तरी हा बाक तपासणे मला अगत्याचे वाटते.

तो बाक सुधारण्यासाठी मानेच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना तिचे पेटंट १९२३ साली मिळाले. तारा उंच वाटल्या की हीच सळई आवळावी, हा सर्वांत घातक गैरसमज होय. तारांची उंची ठरवणे हा घोडीवरील सॅडलच्या स्क्रूंचा अखत्यार आहे. सळईचे काम तारांच्या ओढीला प्रतिरोध करून मानेचा बाक राखणे, एवढेच. गिटार सुरात लावून जाड तार पहिल्या पडद्यावर आणि मान धडाला मिळते तिथल्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरली असता, सातव्या-आठव्या पडद्याशी तारेखाली साधारण पाव मिलिमीटर फट दिसावी. फट अधिक असेल तर सळईच्या टोकाचा नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळावा, कमी असेल तर सैल करावा. तोही एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नव्हे, आणि प्रत्येक वेळी पुन्हा सुरात लावून पाहावे. मग उंचीकडे वळावे. तारा जितक्या खाली तितके उत्तम, हेही खरे नव्हे; जोराने छेडणाऱ्याच्या हाती त्या पडद्यांवर खडखडतात.

मोकळी तार सुरात, पण वरच्या पडद्यांवर बेसूर, अशी तक्रार आली की खुंट्यांना दोष दिला जातो. तार दाबताना ती किंचित ताणली जाऊन स्वर चढतो, आणि त्याची भरपाई सॅडल मागेपुढे सरकवून करावयाची असते. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल मागे घेऊन तार लांबवावी. उतरलेला असेल तर पुढे आणावे. एवढे करूनही तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला गिटारचा गांधार चढाच वाटेल, आणि तो कान चुकत नसतो : षड्जापासून स्वयंभू गांधार सुमारे ३८६ सेंटवर, तर समान बारा भागांत विभागलेल्या सप्तकातला तो ४०० सेंटवर असतो. हे चौदा सेंटांचे अंतर पडद्यांच्या रचनेतच असल्याने कोणत्याही स्क्रूने ते मिटत नाही. त्यापायी वाद्य परत करण्याचे प्रयोजन नाही.

पिकअप तारांच्या जितका निकट आणावा तितका आवाज भरदार, ही कल्पनाही अर्धसत्यच आहे. आवाज वाढतो खरा, परंतु पिकअपमधल्या चुंबकाची ओढ तारेच्या कंपनात व्यत्यय आणते, तिचा नाद अकाली विरतो, आणि जाड तारांच्या वरच्या पडद्यांवर स्वर डळमळू लागतो. शेवटच्या पडद्यावर तार दाबून तिच्याखाली दोन-अडीच मिलिमीटर अंतर ठेवावे आणि तिथून कानाच्या निर्णयाने थोडे इकडेतिकडे करावे. पुढे नऊ नंबरच्या तारा काढून दहाच्या चढवल्यास एकूण ताण अंदाजे ३९ किलोंवरून ४७ किलोंवर जातो. म्हणून बाक, उंची, स्वरमेळ ही सारी तपासणी त्याच क्रमाने पुन्हा आरंभापासून करावी लागते.